घाटावरची शेळी, घाटाखालचा बोकड

५ जानेवारी १९३१, सोमवार
या वर्षीचे संकल्प: चहा एकदाच, चिडायचं नाही आणि सायन्सची सेवा. पैकी चिडणं आजच झालं. आमच्याच हायस्कुलात ड्रॉइंग शिकवणारा गद्रे आमच्या मुलीला, वच्छलेला, मागणी घालून गेला. पोरगा रत्नागिरीचा, कोकणस्थ. आम्ही सात पिढ्या सोलापूरचे, देशस्थ. मी शांतपणे (आवाज फक्त शेजारपर्यंत गेला) सांगितलं की मी सुधारक आहे, प्रश्न रूढीचा नाही, सायन्सचा आहे. मध्ये डोंगर आला की दोन्हीकडच्या प्राण्यांचा संबंध तुटतो आणि हजारो वर्षांत दोन वेगळ्या स्पीशीज होतात. सह्याद्री केवढा! वच्छला चूल फुंकत राहिली. पटलं असावं.

८ जानेवारी
गद्र्याच्या वडिलांना पत्र टाकलं. पानं बारा, उदाहरणं सतरा. भाषा सौम्य.

११ जानेवारी, रविवार
गद्रे पुन्हा हजर. विचारतो, दोन स्पीशीज वेगळ्या आहेत हे ओळखायचं कसं? मी म्हटलं, सोपं आहे, दोघांचा मिळून वंश चालत नाही. तो म्हणाला, मग बघू या. चित्रं काढणारा माणूस, पण प्रश्न बरा विचारतो. एक्स्पेरिमेंट ठरला. घाटावरची शेळी आणि घाटाखालचा बोकड एका गोठ्यात ठेवायचे. करडू झालं तर लग्नाला माझी हरकत नाही. तसं लिहूनच दिलं. साक्षीदार आमच्या सौ. मथुराबाई. सही इतक्या घाईनं केली की शाई सांडली.

२ फेब्रुवारी
बकऱ्यांचा व्यापारी नबीलाल जनावरं पोचवून गेला. शेळी सांगोल्याची, काळी. बोकड कल्याणकडचा, पांढरा. थिअरी समजावून सांगितली तर हसत सुटला. म्हणतो, मास्तर, बकरीला घाट कुटं कळतोय? पाच म्हयनं थांबा की. अडाणी माणूस. क्षमा केली.

३ फेब्रुवारी
दोघं एकमेकांकडे पाहतसुद्धा नाहीत. थिअरी सिद्ध.

४ फेब्रुवारी
पाहतात.

५ फेब्रुवारी, सकाळी ७
गोठ्यात जे दिसलं ते लिहिण्यासारखं नाही. झटापट असावी. भिन्न स्पीशीजमध्ये वैर असायचंच.

१९ एप्रिल
शेळीनं अंग धरलंय. कडब्याचा गुण. ही म्हणते, गाभण आहे. बायकांना दुसरं सुचतच नाही. वच्छला शेळीला चोरून गूळ चारते, हा एक्स्पेरिमेंटमध्ये सरळ सरळ हस्तक्षेप आहे. उद्यापासून रोज शेळीचं वजन घ्यायचं.

२० एप्रिल
शेळीनं शिंग मारलं. वजनाचा संकल्प रद्द. चहा तीनदा.

१४ जून
नबीलाल रस्त्यात भेटला. म्हणाला, लई तर पंधरा-ईस दिस. मी म्हटलं, पोटात वात धरलाय. तो म्हणाला, व्हय व्हय, वातच हाय, चार पायांचा.

४ जुलै, शनिवार
दोन करडं. दोन्ही काळीपांढरी. वच्छला लहानपणी हसायची तशी हसली. मला बरं वाटलं, हे इथं कबूल करतो. पण सायन्सला माया नाही. घोडा आणि गाढव यांचं खेचर होतंच की, पण खेचराला पुढे पिल्लू होत नाही. तेव्हा या करडांना करडं होईपर्यंत निकाल देता येत नाही. हे बोलून दाखवल्यावर हिनं ट्रंकेतून तो कागद काढला. सही माझीच आहे. उदार मनानं होकार दिला.

५ जुलै
गद्रे वडिलांची संमती आणायला रत्नागिरीला गेला. जाताना करडांचं चित्र काढून दिलं. कान चुकलेत.

१८ जुलै
गद्र्याचं कार्ड. वडील नाही म्हणतात. घाटावरची मुलगी नको! अरे, हे कोण लागून गेले? डोंगर म्हणजे काय, दगडांचा ढीग! माणसं सगळी एकच स्पीशीज, मी पहिल्यापासून हेच म्हणत आलो आहे. माझ्या गोठ्यात दोन प्रूफं उड्या मारताहेत. असली मागासलेली कल्पना त्यांच्या डोक्यात भरवली तरी कोणी? खरमरीत पत्र लिहून लगेच पेटीत टाकलं. वच्छला जेवली नाही.

२९ जुलै, दुपारी
रत्नागिरीहून जाड पाकीट. आत माझंच जानेवारीचं पत्र, बाराच्या बारा पानं. जागोजाग लाल शाईनं 'रास्त' लिहिलेलं. शेवटी गद्र्याच्या वडिलांच्या दोन ओळी: आपला सिद्धांत आम्हांस पूर्ण पटला. सबब संबंध नको.

एकोणीस वर्षं शिकवतो आहे. पूर्ण पटलेला हा पहिलाच माणूस.

वच्छलेनं पत्र मागितलं. वाचून रडली. मला ते बघवलं नाही, मी गोठ्यात जाऊन बसलो.

संध्याकाळी ५
ही गोठ्यात आली. म्हणाली, उद्या रत्नागिरीला चला आणि त्यांच्यापुढे चुकलो म्हणा. मी म्हटलं, सायन्समध्ये चुकलो असं म्हणत नाहीत, नवा पुरावा सादर करतात. ही म्हणाली, मग पुरावा घेऊन चला.

एक शेळी आणि दोन करडं घाटापर्यंतच्या गाडीत घेतात का, हे विचारायला स्टेशनवर निघालो आहे.