शेवटचा आकडा

अण्णा, काल मी धाकट्याचा हात मोडला. तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली, तरी सांगावंसं वाटलं ते तुम्हालाच, कारण मारायला आम्ही दोघं भाऊ तुमच्याकडूनच शिकलो.

कन्नडच्या बैलबाजारातला तो दिवस. रुमालाखाली व्यापाऱ्याच्या हातात तुमचा हात, बोटं दाबून भाव चाललाय, वर दोघांचे चेहरे कोरे. मी बावीस वर्षांचा, लग्न ठरलेला, आणि शहाणपणा करून बोलून गेलो, "अण्णा, चाळीस हजारापर्यंत जायचं घरीच ठरलंय ना?" व्यापारी हसला. तुम्ही रुमाल झटकलात आणि चाबकाचा दांडा माझ्या तोंडावर हाणलात. दात मातीत पडला. होणारे सासरे तिथंच उभे. "शेवटचा आकडा मुठीतच ठिवायचा, हलकटा!" म्हणत तुम्ही दुसरा हाणलात. अजूनही आठवलं की तुमचा राग येतो.

आता मी शेंद्र्याजवळ जुन्या गाड्या घेतो, विकतो. पुष्कळशा ऑनलाइन लिलावातून येतात. तिथं कमाल बोली म्हणून सोय असते. आपला शेवटचा आकडा साइटला सकाळीच सांगून ठेवायचा. तो कुणाला दिसत नाही, बोली लावणाऱ्याचं नावही नाही. समोरचा जेवढं वाढवेल त्याच्या फक्त एक पायरी वर साइटच आपल्या वतीनं बोली चढवते, आपण जेवत असलो तरी. समोरचा त्या आकड्याच्या पुढं गेला तरच आपण हरतो. तुम्हाला हे फार आवडलं असतं.

गेल्या आठवड्यात एका पिकअपवर मी असा आकडा टाकला आणि गाडी मला मिळाली. काल ती माझ्या आवारात उभी बघून धाकटा टॉमी घेऊन आला, चाकाचे नट काढायची ती लोखंडी दांडी. कंपनीतलं काम सुटल्यावर कन्नडहून अद्रक शहरात आणायचा धंदा त्यानं ठरवला होता. बायकोचं गळ्यातलं मोडून तो याच गाडीवर बोली लावत बसला होता.

"दादा, तू व्हतास व्हय! मी जीव मुठीत धरून पाचशे वाढवायचो, अन् तू लगेच माझ्या उरावर! लई मजा आली आसंल."

पहिला घाव माझ्या खांद्यावर बसला. दुसरा चुकवून मी टॉमी हिसकावली आणि त्याच्या मनगटावर घातली. हाड मोडल्याचा आवाज आला. तरी मी थांबलो नाही. तो खाली पडल्यावर लाथा घातल्या, पोटात, बरगड्यांत. कामावरच्या माणसांनी मला मागं ओढलं तेव्हा त्याच्या तोंडातून रक्त येत होतं.

दवाखान्यात मी त्याला कमाल बोली समजावून सांगितली. मी तिथं नव्हतोच, सगळं यंत्र करत होतं, म्हणालो.

पण अण्णा, लिलावाच्या दिवशी दुपारी मी फोन बघितला होता. समोरच्याच्या प्रत्येक आकड्याच्या शेवटी एकावन्न होतं. देवाच्या नावाचे एकावन्न जोडल्याशिवाय भाव बोलायचा नाही, ही आपल्या घरची रीत. बाहेर कुणी पाळताना मी पाहिलं नाही. मी त्याला ओळखलं. मला न विचारता गाडी घेतो काय, म्हणून डोकं फिरलं, आणि माझा आकडा मी आणखी वीस हजारांनी वाढवून ठेवला. तेवढ्यानंच तो हरला.

हे तुम्हाला पोचणार नाही आणि त्याला मी दाखवणार नाही. पोलिसांना त्यानं पडलो म्हणून सांगितलं. आज सकाळी प्लास्टरमधला हात छातीशी धरून तो म्हणाला, "चुकलं दादा, मला वाटलं तूच समोर बसलायस. माफ कर." मी केलं.