बाबा गेल्यानंतरचा शोध

प्रिय ओजू,

फोन केला की तू ‘मीटिंगमध्ये आहे’ म्हणतेस, म्हणून लिहायला बसले. पत्राला मीटिंग आडवी येत नाही. इथे धुकं इतकं आहे की समोरच्या बाजवा मॅडमचं फाटकसुद्धा दिसत नाही. त्या स्वतः मात्र रोज चहाला हजर असतात, तुझ्या लग्नाचा विषय काढतात आणि माझी बोलणी खातात. पुढच्या महिन्यात बाबांना जाऊन वर्ष होईल. त्यांचा एअर फोर्सचा कोट अजून खुंटीवरच आहे, तो काढायला सांगू नकोस.

दिवाळीत आलीस तेव्हा माझा लॅपटॉप खाडकन मिटून ओरडलीस, की बाबा गेले, आता कोणासाठी शोधतेस? मी करंज्या तळायला उठून गेले. त्याचं उत्तर आज देते, पण माझ्या पद्धतीने. मधेच तोडायची तुझी सवय पत्रात तरी चालायची नाही.

बाबांचे हात लुळे पडत गेले आणि डॉक्टरांनी आजाराचं लांबलचक नाव सांगून मान हलवली, तेव्हा मी वैद्यकीय संशोधनाच्या त्या भल्यामोठ्या साइटवर पहिल्यांदा गेले. मोडक्या इंग्रजीत अख्खं वाक्य लिहिलं: माझ्या नवऱ्याला घास तोंडापर्यंत नेता येत नाही, कृपया उपाय सांगावा. एकही लेख आला नाही. बाजवा मॅडमची सगळी नोकरी मेडिकल कॉलेजच्या ग्रंथालयात गेलेली. त्या पोट धरून हसल्या आणि म्हणाल्या, “रागिणीजी, ये डॉक्टर नहीं, अलमारी है. हाल मत सुनाओ, चीज़ का नाम बोलो.” मग त्यांनीच शिकवलं. आजाराची असतील तेवढी नावं ‘किंवा’ने जोडायची, उपचाराचा शब्द ‘आणि’ने जोडायचा. यादी फुगली तर शब्द वाढवायचा, आटली तर काढायचा. ‘फक्त माणसं’ अशी खूण करायला विसरलं की सगळे लेख उंदरांवरचे. ओजू, उंदीर किती बरे होतात गं! मला त्या मेल्या उंदरांचा इतका राग यायचा.

मी एक लबाडी करायचे. प्रत्येक शोधात ‘सुधारणा’ हा शब्द घालायचे, म्हणजे सुधारल्याचेच लेख यायचे. ते बाबांच्या उशाशी बसून मोठ्याने वाचायचे. ते ऐकायचे. एकदा म्हणाले, “छान. आता ज्यांना गुण आला नाही, त्यांचंही वाच की.” मी काही वाचलं नाही. त्यांना पेज भरवली आणि स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून रडले.

ते गेल्यावर मी शोध थांबवणार होते, खरंच. पण सवयीने एक दिवस साइट उघडली आणि एका लेखात घराण्यांचे तक्ते दिसले. आजोबा, मुलगा, नात. हा आजार काही घरांत पुढे उतरतो म्हणे. मला जाईआत्या आठवल्या, बाबांची थोरली बहीण. चाळिशीच्या आत त्यांच्या पायांतलं बळ गेलं. साताऱ्याला सगळे संधिवात म्हणायचे आणि तेल चोळायचे. संधिवात नव्हता तो. मी बाजवा मॅडमना काही सांगितलं नाही. तुलाही नाही. स्वतःची समजूत घालत राहिले, की सगळ्याच मुलांना होत नाही.

मग तू दिवाळीला आलीस. जेवताना लोणच्याची बरणी उघडायला घेतलीस, एकदा प्रयत्न केलास, आणि हसत माझ्यापुढे सरकवलीस. उजवा हात ओढणीखाली घेतलास. बाळा, बाबांचंही असंच सुरू झालं होतं, अंगठ्यापासून. त्या रात्री मी शोधात एकच गोष्ट बदलली. बाबांसाठी पंचेचाळीस ते चौसष्ट या वयोगटावर खूण असायची. ती काढून एकोणीस ते चव्वेचाळीसवर केली. दुसऱ्या दिवशी तू लॅपटॉप मिटलास, तेव्हा ती खूण पडद्यावर होती. तू ती वाचलीस, मी तुझा चेहरा बघत होते. तुला कळलं की मला कळलंय, म्हणून ओरडलीस. मग माझ्यामागून तूही स्वयंपाकघरात आलीस आणि आपण दोघी करंज्या तळत बसलो. तुझ्या मैत्रिणीने, स्मिताने, परवा फोनवर सांगितलं, की तू पुण्यात तपासणीची तारीख घेतली आहेस आणि आईला सांगायचं नाही अशी शपथ घातली आहेस. तिच्यावर चिडू नकोस. ओजू, निकाल काय येईल ते मला माहीत नाही आणि यावेळी कुठल्याही साइटवर ते सापडणार नाही. मी मंगळवारच्या विमानाने येते आहे. तपासणीच्या त्या दारापर्यंत तू एकटी जायचं नाहीस.

तुझीच, अजून तुझ्यावर रागावलेली,
आई