करपलेल्या गुळाचा वास

३ डिसेंबर २०२४
पोरगी घरी आली! दोन किलो आठशे. लोणावळ्याच्या दवाखान्यातून तिकोणा पेठेपर्यंत रिक्षा इतकी हळू चालवायला लावली की रिक्षावाला म्हणाला, "भाऊ, चालत गेला असता तर लवकर पोचला असता."

आज तिचा तिसरा दिवस. थोरली नवव्या दिवशी गेली होती, त्याला तीन वर्षं झाली. मी दिवस मोजतोय, पण माधवीला कळू देत नाही. तीही मोजतेय. बायको आहे माझी, मला कळतं.

४ डिसेंबर
माधवी म्हणते, लंगोटाला करपलेल्या गुळाचा वास येतो. आई लगेच म्हणाली, "ह्याच्याच अंगाचा हाय त्यो. धा तास पाकाच्या कढईवर उभा ऱ्हातोय, मग काय अत्तराचा येईल?"

बरोबर आहे. लोणावळ्यातल्या चिक्कीच्या कारखान्यात दोन वर्षं पाकावर उभा आहे. वासानं घर भरतं म्हणतात, मला तर आता गुळाचा वासच येत नाही. पाक करपायला लागला की शेजारच्या कढईवरचा सत्यम ओरडतो. मी रंगावर आणि पाण्यात थेंब टाकून होणाऱ्या पाकाच्या गोळीवर भागवतो.

दोनदा अंघोळ केली. लंगोट नाकाला लावून पाहिला. काहीच नाही.

५ डिसेंबर
आज पाचवी पुजली. पोरगी छातीला धरते आणि सोडून देते. आईनं फर्मान काढलं, "अमृत, तू चार दिस कारखान्यातच झोप. ह्या वासानं पोरीला मुंग्या लागतील." मुकाट्यानं पिशवी भरली. माझ्यामुळे ती दूध पीत नसेल तर तोंडही दाखवणार नाही!

६ डिसेंबर
फोनवर माधवी रडत होती. पोर पीत नाही, नुसती झोपते, हलवलं तरी जागी होत नाही. थोरलीचंही अगदी असंच सुरू झालं होतं. तेव्हा आई म्हणाली होती, माधवीच्या दुधातच खोट आहे. मी गप्प बसलो होतो.

लय भीती वाटते. दोन कढया करपल्या. मालक बोलले, बोलू देत.

७ डिसेंबर
सकाळी अनिताचा फोन. ती आमच्या गावची आशा सेविका, बाळाची तपासणी करायला घरी आली होती. म्हणाली, "अमृतभाऊ, तुमी दोन दिस घरी न्हाई. कपडे, गोधड्या समद्या धुतल्यात. तरी वास हायेच. ह्यो तुमचा न्हाई, पोरीच्या लघवीचा हाय. अंग लाकडावानी ताठ झालंय तिचं. म्या गाडी बोलावली."

कामशेतला गाडीत चढलो. पोरगी कमानीसारखी मागं वाकलेली. पाय मात्र सायकल चालवावी तसे हलत होते. दोन दिवस मी कारखान्यात कपडे घासत बसलो. दोन दिवस!

८ डिसेंबर
पुणे. डॉक्टरीणबाईंनी लंगोट हुंगला आणि लगेच रक्त पाठवलं. संध्याकाळी समजावलं. दुधात, डाळीत, सगळ्या अन्नात प्रथिनं असतात. अंगात त्यांचे बारीक तुकडे होतात. त्यातले तीन आमच्या पोरीला पुढं मोडताच येत नाहीत. ल्युसिन नावाचा त्यातला सगळ्यात वाईट. तो रक्तात साचतो आणि मेंदूला सूज आणतो. साचल्याचाच तो वास. म्हणून आईचं दूध बंद.

माधवीनं विचारलं, "मंजी माज्या दुधानंच..."

"तुमच्या दुधात काही वाईट नाही," बाई म्हणाल्या. "बिघडलेलं जनुक दोघांकडून आलं की हे होतं. तुमचं लग्न नात्यात आहे का?"

माधवी माझ्या मामाची मुलगी. आम्ही दोघं धडधाकट, पण दोघांकडं ते एकेक आहे. दर बाळंतपणाला चारात एक धोका. थोरलीलाही बहुतेक हेच असावं म्हणाल्या. आई बाकावरून उठून बाहेर गेली.

रक्त धुणारं यंत्र लावलंय. एवढ्याशा जिवाला किती त्या नळ्या.

९ डिसेंबर
नववा दिवस. काही लिहवत नाही.

१० डिसेंबर
डोळे उघडले! ते तीन तुकडे नसलेली खास पावडर मिळते, तिचं दूध नळीनं देतायत. अंग थोडं सैल पडलंय. मेंदूला किती इजा झाली ते आज सांगता येणार नाही, म्हणाल्या. बसेल का, बोलेल का, मला ओळखेल का? कळायला महिने जातील.

आईनं माधवीचा हात धरला. "पोरी, तुज्या दुधाला नावं ठेवली म्या." माधवीनं हात काढून घेतला नाही.

११ डिसेंबर
माधवीनं विचारलं, "अवो, थोरलीला बी असाच वास यायचा का? मी तवा तापात व्हते, मला काय बी आठवत न्हाई."

मी म्हणालो, "न्हाई."

तेव्हा मी चिक्कीच्या कारखान्यात नव्हतो, नवलाख उंबऱ्याला कंपनीत होतो. नाक शाबूत होतं. कामावरून आलो की रोज तिच्या टाळूला नाक लावायचो आणि सगळ्यांना सांगायचो, माझी पोर गुळाची आहे.