भाचा कोणाला म्हणावे

लातूर,
येळवशीची अमावास्या झाल्यानंतरचा रविवार

ती. बसवराज दाजी यांस, मु. लोहा,

शरणप्पाचे शरणु शरणार्थी. तुमची साखर, आक्काचा मोतीबिंदू, म्हशीचा खूर आणि शेजाऱ्याशी चाललेला बांधाचा वाद ही सगळी दुखणी आपापल्या जागी सुखरूप असतील असे धरून चालतो. इकडे माझे गुडघे सोडले तर सर्व ठीक. येळवशीला तुमच्या शेतात आंबील प्यायला आलो नाही म्हणून आक्का रागावली असेल (रागावली तरी भज्जीचा डबा पाठवायला हरकत नव्हती). न येण्याचे कारण फोनवर सांगता आले असते, पण तुमच्याकडे फोन आक्का उचलते, आणि हे प्रकरण तिच्या कानावर एकदम घालण्यासारखे नाही. तुम्ही हे आधी बाहेरच्या ओट्यावर बसून एकट्याने वाचावे. वाचताना चहा पिऊ नये, ठसका लागेल.

मी आनंदबनचा सेक्रेटरी झालो हे तुम्हाला कळले असेलच (मीच कळवले होते, दोनदा). आनंदबन म्हणजे औसा रोडवरची आमची कॉलनी. भोवती भिंत, पुढे कमान, कमानीत गेट, गेटवर वॉचमन आणि आत तीन मजली इमारती. चौथा मजला बिल्डरने बांधलाच नाही, कारण भूकंपानंतर लातुरात लोक चौथ्या मजल्याकडे खाली उभे राहून बघायचे आणि रामराम करून निघून जायचे. सेक्रेटरीपदासाठी माझेच नाव का निघाले, तर मी एसटीत कंडक्टर होतो म्हणून. ज्याने जन्मभर लातूर-नांदेड गाडीत अर्ध्या तिकिटाची पोरे ओळखली त्याला कोण फसवणार, असा लोकांचा समज. तो खोटा नाही. मिसरूड फुटलेले पोर आईला चिकटून, पाय दुमडून लहान झालेले दिसले की मी त्याचे वय विचारत नसे. कितवीला आहेस रे, एवढेच विचारायचो, आणि पोरगा ताठ बसून नववीला म्हणून सांगायचा. मग आईचे तोंड बघण्यासारखे होई. नोकरी संपली तरी ही चौकशीची खोड गेली नाही. आमची ही म्हणते की तुम्ही देवळातसुद्धा घंटा वाजवली की लगेच मागे बघता, कोण उतरले म्हणून.

तर आमच्या कॉलनीचे दुखणे पाण्याचे. लातुरात भूकंपाने जेवढी माणसे घराबाहेर काढली त्याहून जास्त आता क्लासवाल्यांनी आत आणली आहेत. भूकंपाच्या साली जन्मलेली पोरे यंदा बारावीला आहेत, आणि मराठवाड्यातल्या निम्म्या आईबापांना आपले पोरगे लातुरात राहिले की डॉक्टर होऊनच परत येईल असे वाटते. त्यामुळे आनंदबनात ज्याच्याकडे जास्तीची खोली होती त्याने ती पोरांना दिली, ज्याच्याकडे नव्हती त्याने बाल्कनीला पत्रा ठोकला. देखभालीची आणि टँकरची वर्गणी मात्र घरटी सारखी. म्हणजे एका घरात पहाटेपासून अंघोळीची रांग आणि शेजारी एकटी म्हातारी, दोघांची पावती एकच. ओरड झाली, सभा झाली आणि मी स्वतः बसून नियम लिहिला: घरात फक्त रक्ताचे नातेवाईक राहतील. परक्याने महिनाअखेर जागा सोडावी. नियम एकमताने मंजूर झाला. ज्यांच्याकडे सर्वांत जास्त पोरे होती त्यांनीच सर्वांत मोठ्याने टाळ्या वाजवल्या. मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठून बघतो तर आनंदबनात विद्यार्थी एकही उरला नव्हता, सगळे भाचे झाले होते. पुतण्या कोणी झाला नाही, हे मला आधी कोडे वाटले. मग ध्यानात आले. पुतण्याचे आडनाव जुळावे लागते, भाच्याचे कोणतेही चालते! दाजी, मी इतकी वर्षे मामा आहे, पण या नात्याची ही सोय मला कधी सुचली नव्हती. आमचे अध्यक्ष केरबा, कापडदुकानवाले, त्यांच्याकडे तर सहा-सात भाचे निघाले. बहीण त्यांना एकच. पण एक भाचा बोलताना मध्येच तेलुगू बोलायचा, दुसरा निलंग्याकडचे कानडी हेल काढायचा, तिसरा प्रत्येक गोष्टीला होऐवजी हाव म्हणायचा. बाईने दर बाळंतपणाला तालुका बदलला असावा. मी जिन्यात एकाला गाठून सहज विचारले, मामीचे नाव काय रे? तो म्हणाला, "कोनत्या मामीचं?" मी म्हणालो, तुझ्याच. तो म्हणाला, "सर, हे सिलेबसमध्ये हाय का?"

एवढ्यावर हे लोक गप्प बसले असते तर ते लातूर कसले. आठवडा उलटला नाही तोच केरबांनी आपल्या हॉलमध्ये नात्यांचा क्लासच काढला. फळ्यावर वंशावळ, मामांच्या आजारांवर टिपण, मामीच्या माहेरावर अपेक्षित प्रश्न, रविवारी सराव परीक्षा. इतर घरांतले भाचेही तिथे येऊ लागले. मी दाराबाहेर उभा राहून ऐकले (ऐकायला नको होते, पण पाय हलेनात). एक पोरगा घडाघडा म्हणून राहिला होता: मोठ्या मामांना साखर, मधल्यांना प्रेशर, धाकटे व्यसनी पण मनाचे चांगले. नंतर मी तपासणीला गेलो तेव्हा सगळी पोरे पैकीच्या पैकी पास झाली. मला माझ्या सख्ख्या आत्याच्या नवऱ्याचे नाव आठवत नाही, दाजी, आणि ही पोरे परक्याच्या पणजीचे माहेर सांगत होती. नाते असे पाठ करता येत असेल तर ते खोटे कुठवर आणि खरे कुठून, याचा मी दोन रात्री विचार केला.

नापास झाले ते एकच घर. तळमजल्यावरच्या धुरपताबाईंचे. बाई किल्लारीकडच्या. भूकंपात त्यांचे घर, नवरा, पोरे, दीर, जावा, माहेरची माणसे, कोणी म्हणता कोणी उरले नाही. हे साऱ्या कॉलनीला माहीत आहे, आणि घोळ तिथेच आहे. बाकीच्यांना खोटा भाचा करता येतो, कारण कुठेतरी एखादी बहीण असते. ज्या बाईचे कोणी उरलेलेच नाही तिने भाची आणायची कुठून? तरी त्यांच्याकडे एक मुलगी राहते. मी विचारले, ही कोण? म्हणाल्या, भाची. मी नाव विचारले. म्हणाल्या, रुखसार. मी नाव पुन्हा विचारले. तर बाई म्हणाल्या, "नाव तिच्या मायबापानं ठिवलं, म्या थोडंच ठिवलं?"

मग मी चौकशी केली (त्याशिवाय मला जेवण जात नाही). भूकंपानंतर लातूरचा दवाखाना इतका भरला होता की एका खाटेवर दोन-दोन बाया झोपवल्या होत्या. धुरपताबाईंचा पाय मोडलेला. त्यांच्या खाटेवर सालेहा नावाची पोटुशी बाई, अर्धापूरची, बाळंतपणाला लातूरला आणलेली. नर्स विचारायची, तुमच्याजवळ नातेवाईक कोण आहे? धुरपताबाई भिंतीकडे तोंड फिरवायच्या. शेवटी सालेहा म्हणाली, मी आहे, बहीण. रुखसार त्याच खाटेवर जन्मली. तेव्हापासून ती धुरपताबाईंना खाला म्हणते, म्हणजे मावशी. आता बारावीला लातुरात आली आणि मावशीकडे उतरली. धुरपताबाईंनी इतकी वर्षे रात्री कधी दाराला कडी लावली नव्हती, की लगेच बाहेर पळता यावे. आता लावतात. मला म्हणाल्या, "पोरगी रातभर वाचत बसती. कुणीतरी जागं हाय, म्हनून मला झोप लागती." परीक्षा महिन्यावर आलेली. मुलीला आता जागा सोडावी लागली तर तिचे वर्ष जाणार आणि बाईंची झोप जाणार. नियम माझ्याच हातचा!

येळवशीच्या आधल्या रविवारी कमानीपाशी सभा झाली. केरबांनी सांगितले की सर्व घरे तपासली, सर्व नाती रक्ताची निघाली, एक घर सोडून. माणूस वाईट नाही, पण तपासणी पथकाला जसा एक तरी विनातिकीट प्रवासी सापडावा लागतो तसे त्यांचे झाले होते. धुरपताबाई उठून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "भाची मानलेली हाय. रक्ताची हाय म्हनून खोटं कशाला बोलू? रक्ताचं म्हनावं असं माझं ऱ्हायलंय कोन?" आणि खाली बसल्या. सगळे भाचे भिंतीवर ओळीने बसले होते, त्यांनी माना खाली घातल्या. मला वाईट वाटले, दाजी, फार वाईट वाटले. साऱ्या गाडीत खरे बोलणारी एकच बाई, आणि तिलाच उतरवायचे. मी उठलो तो देवाशपथ नियम वाचायलाच उठलो होतो. पण तोंडातून निघाले, "ही पोरगी माझ्या आक्काची हाय."

केरबांनी क्लासातले अपेक्षित प्रश्न सवयीने सुरू केले. आक्का कुठे असते? मी म्हणालो, लोह्याला. दाजींचे नाव? आता मुलीचे नाव रुखसार, तिच्या बापाचे नाव गुलाम रसूल, मी तेच सांगून मोकळा झालो. केरबा म्हणाले, मग धुरपताबाई तिची मावशी कशी? मी म्हणालो, आक्काची बहीण म्हणून. "म्हंजे तुमचीबी बहीण?" इथवर मी विचार केलेला नव्हता. धुरपताबाई माझ्याकडे बघून राहिल्या होत्या. मी म्हणालो, "हाव. माझीबी. थोरली." केरबांनी पुढचा प्रश्न विचारायला तोंड उघडले, भिंतीवरच्या आपल्या भाच्यांकडे एकदा पाहिले आणि मिटले. म्हणाले, नोंदवून घ्या.

तेव्हापासून परिस्थिती अशी आहे की खरे काय ते सगळ्यांना ठाऊक आहे, पण नियमाप्रमाणे कोणालाच ठाऊक नाही. बाया माझ्या हिला विचारतात, तुमच्या वन्संचा प्रेमविवाह का हो? ही म्हणते, त्या वेळी लई गाजला होता. आक्काच्या तब्येतीला जपावे. पोरांना आशीर्वाद.

तुमचा,
शरणप्पा

ता. क. : महिनाअखेरीस आक्काच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी तुम्ही दोघे आमच्याकडे उतरणार आहात. केरबा तुमच्या त्या जुन्या धाडसाबद्दल कमानीत शाल आणि नारळ देणार म्हणतात. तेव्हा विनंती अशी की येताना तुम्ही गुलाम रसूल होऊन यावे. फार काही करायचे नाही. कपाळाची विभूती थोडी फिकी लावावी, आणि वॉचमनने गुलामभाई म्हणून हाक मारली तर वळून पाहावे.

ता. क. दुसरे : खरे गुलाम रसूल अर्धापूरहून केळी घेऊन मुलीला भेटायला येतात. त्यांना मी तूर्त तुमचे चुलतभाऊ केले आहे. सगळे ऐकून घेतल्यावर ते एवढेच म्हणाले, "माझं नाव वापरून ऱ्हायले, तर मानूस कसा हाय ते तरी सांगा." मी तुमचे फार कौतुक केले. बांधाच्या वादाचे बोललो नाही.

ता. क. शेवटचे : खरे सांगायचे तर, तुम्ही इकडे येऊच नये, ऑपरेशन नांदेडला करावे, हे सांगायलाच पत्र लिहायला बसलो होतो, पण लिहिताना धीर झाला नाही. पाकीट चिकटवणार तोच धुरपताबाई साडी घेऊन आल्या. साडी केरबांच्याच दुकानातली. केरबांनी स्वतः निवडून दिली आणि कोणासाठी म्हणून विचारले नाही. बाई म्हणाल्या, "बहीन पहिल्यांदा घरी येनार, मोकळी कशी लावून देऊ? आपरेशन झाल्यावरच नेसवते, म्हंजी तिला रंग नीट दिसंल." एवढे बोलून तिथेच बसून राहिल्या, पदराने डोळे पुसत. तेव्हा दाजी, या. कोणत्या नावाने यायचे ते तुमचे तुम्ही बघा. साडी हिरवी आहे. आक्काला हिरवा रंग आवडतो ना, तेवढे मात्र उलट टपाली कळवा.