असुधारित प्रत

द्वारका, नवी दिल्ली
१६ जुलै २०२५

चि. समाधान यास,
लीलाताईचा सप्रेम जयभीम आणि भरभरून आशीर्वाद.

पत्र लिहिते आहे, कारण तुला फोन केला की तुझे पीए दत्तात्रय उचलतात आणि साहेब मीटिंगमध्ये आहेत म्हणतात. सख्ख्या बहिणीला त्यांनी तीनदा नाव, गाव आणि काम विचारलं. आमदार होऊन वर्ष नाही झालं तर ही तऱ्हा! लिफाफ्यावर लाल शाईनं 'खाजगी' लिहिलंय. तरी फोडलाच, तर दत्तात्रयना माझा नमस्कार.

काल तुझं विधानसभेतलं पहिलं भाषण लॅपटॉपवर लाईव्ह पाहिलं. तुझ्या भाचीनं, मैत्रीनं ऑफिसला जाण्याआधी सगळं लावून दिलं होतं. संसदेच्या अधिकृत नोंदींसाठी रिपोर्टर म्हणून तीस वर्षं मी दुसऱ्यांची भाषणं टिपून घेतली. वही-पेन्सिल न घेता ऐकायची सवयच नाही, हातांचं काय करावं सुचेना. बोललास मात्र छान. बाजारामागच्या मुलींच्या वसतिगृहात पाणी नाही, गृहपालबाई रात्री मुलींना सोडून घरी जातात, आणि 'हे मी स्वतः जाऊन पाहिलं आहे' असं तू म्हणालास, तेव्हा सगळ्या सभागृहानं मान वर केली. मंत्र्यांनी उभ्या उभ्या बाईंना निलंबित केल्याचं जाहीर केलं. बाबा असते तर त्यांनी गल्लीभर पेढे वाटले असते रे.

एकच सांगते. 'या ठिकाणी' अकरा वेळा म्हणालास. मी मोजलंय. जेवण वेळेवर करत जा, आणि आठवण ठेव म्हणजे झालं.

तुझी,
ताई

आमदार निवास, मुंबई
२९ जुलै २०२५

ती. ताईस,
समाधानचा सप्रेम जयभीम. वि. वि.

तुझं पत्र दत्तात्रयनं फोडलंच. वर आवक क्रमांक टाकून ते निवेदनांच्या फाइलला लावलं. मला चार दिवसांनी सापडलं. त्याला चांगला झापला, पण मनात हसूही येत होतं.

भाषणानं तालुका हलला ताई. पेपरात फोटो आला, चौकात बॅनर लागलं. आमच्या बाकावरचे ज्ञानोबा पाटील चौथ्यांदा निवडून आलेत, त्यांनीही पाठ थोपटली. पहिल्याच वर्षी एक अधिकारी घरी बसवला म्हणाले. तुझ्याकडून शाबासकी मिळाली यातच मला सगळं मिळालं. 'या ठिकाणी' कमी करतो. मैत्रीला मामाकडून प्रेम, आणि तू दिल्लीच्या उन्हात फिरू नकोस.

तुझाच,
समाधान

द्वारका
२४ ऑगस्ट २०२५

चि. समाधान यास,
सप्रेम जयभीम.

आज थट्टा नाही. मैत्री कंपनीच्या बसनं मानेसरला जाते हे तुला माहीत आहे. त्याच बसमध्ये सिद्धांत तायडे नावाचा मुलगा असतो, आपल्याच तालुक्यातला. दोघं दीड वर्ष शेजारी बसतात, एकमेकांचे डबे खातात. परवा त्यानं मैत्रीला विचारलं, अमुक आमदार तुझे मामा का? ती कौतुकानं हो म्हणाली. तो उठून मागच्या सीटवर जाऊन बसला. तू ज्यांना निलंबित करवलंस त्या गृहपाल चंद्रप्रभा तायडे त्याची आई आहेत.

मी त्याला घरी बोलावलं. यायला तयार नव्हता, मैत्रीनं हातापाया पडून आणला. तो सांगतो, पाणी नाही ते धरणाजवळच्या नव्या वसतिगृहात. रात्री पळतात त्या गृहपालही तिथल्याच. त्याच्या आईच्या वसतिगृहात पाणी बारा महिने आहे. आणि बाई रात्री घरी कशा जातील? नऊ वर्षं वसतिगृहातल्या दोन खोल्या हेच त्यांचं घर होतं. आता त्या भावाकडे पडवीत राहतात आणि बाजारात जात नाहीत.

समाधान, तू तिथे गेला होतास का? हो की नाही, तेवढंच आधी लिही.

ताई

मुंबई
५ सप्टेंबर २०२५

ती. ताईस,
जयभीम.

नाही.

तक्रार धरणाजवळच्याच वसतिगृहाची होती. दत्तात्रयच्या टिपणात नुसतं 'मुलींचं वसतिगृह' होतं. मला बाजारामागचं एकच ठाऊक, मी तेच नाव घेतलं. ज्ञानोबांनी बजावलं होतं की नव्या माणसानं 'स्वतः पाहिलं' म्हटल्याशिवाय कुणी मान वर करत नाही. म्हणून म्हणालो. तुझं पत्र आल्यापासून घास गोड लागत नाही.

पक्षाच्या नेत्यांशी बोललो. ते म्हणतात, उकरू नको. चौकशीत काय ते होईल. आत्ता कबूल केलंस तर उरलेली चार वर्षं सभागृहात तुझी टिंगल होईल, पुढचं तिकीट विसर.

ताई, एक करता येईल. भाषणाची असुधारित प्रत दुरुस्तीसाठी सदस्याकडे येते, ती अजून माझ्याकडेच पडून आहे. वसतिगृहाचं नाव बदललं आणि 'मी स्वतः' एवढं खोडलं तर? तुझं आयुष्य या कागदांत गेलंय. कसं करतात ते सांग.

तुझा,
समाधान

द्वारका
१२ सप्टेंबर २०२५

चि. समाधान यास,
सप्रेम जयभीम.

दुरुस्तीची मुदत कधीच संपली. नसती संपली तरी उत्तर हेच होतं. आकडा चुकला, वाक्य अडखळलं, तर सुधारता येतं. बोललास ते न बोलल्यासारखं करता येत नाही. तीस वर्षांत किती मोठमोठे लोक माझ्या टेबलाशी येऊन गोड बोलले, त्यांनाही मी हेच सांगितलं. तुझ्यासाठी वेगळं सांगायला माझी जीभ वळणार नाही.

आणि समज, खोडलंस. तायडेबाईंचं नाव गावभर झालं ते कशानं खोडशील? विभागाला आजच लेखी कळव. डिसेंबरात नागपूरला अधिवेशन आहे. अध्यक्षांची परवानगी घे आणि जिथे बोललास तिथेच उभा राहून खुलासा कर. तिकीट गेलं तर जाऊ दे. तू शाळेतच बरा शिकवत होतास.

मला तुझा फार राग आलाय आणि काळजीनं झोपही नाही. दोन्ही खरं आहे.

तुझी,
ताई

मुंबई
२९ डिसेंबर २०२५

ती. ताईस,
समाधानचा सप्रेम जयभीम. वि. वि.

खुलासा तू पाहिलासच. दोन मिनिटं मिळाली. 'मी स्वतः पाहिलं म्हणालो होतो, मी पाहिलं नव्हतं,' हे म्हणताना समोरचे बाक हसले. आपले लोक मोबाईल बघत बसले. ज्ञानोबा त्या दिवसापासून बोलत नाहीत. मंत्र्यांनी निलंबन मागे घेतलं, ते एकाही पेपरात आलं नाही.

मी खुलासा छापलेलं कामकाजाचं पान घेऊन तायडेबाईंकडे गेलो. त्या परत आपल्या दोन खोल्यांत आल्यात. त्यांनी पान पूर्ण वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाल्या की मुली अजून माझ्याकडे बघून कुजबुजतात, हे त्यांना वाचून दाखवा. बासष्ट मुलींना सतरंजीवर बसवलं होतं. मी उभा राहून पहिल्या ओळीपासून वाचलं.

वाचून झाल्यावर आठवीतल्या एका मुलीनं हात वर केला. म्हणाली, "तुम्ही चुकीचं बोललात म्हणून मॅडमना पाच महिने शिक्षा झाली. तुम्हाला काय झाली?"

तायडेबाईंनी तिला गप्प केलं नाही. मी खरं तेच सांगितलं, "काही नाही."

ताई, तुला सगळे नियम पाठ आहेत. याला काही नियम असेल तर कळव.

आशीर्वाद मागायचा धीर होत नाही, तरी असू दे.

तुझा,
समाधान