गुरुवारची कॉफी आणि बाबांचा चेहरा

न्यूयॉर्क, मार्च १९५१

ती. एलविरामावशीस,

आधी आशीर्वाद दे, मग पुढे वाच. तुझे गुडघे कसे आहेत? हवानात ऊन आहे, तेव्हा बरे असतील. इथे आम्ही सगळे सुखरूप आहोत. काल संध्याकाळपर्यंत नव्हतो.

तुला ठाऊकच आहे, बाबांचा वाद्यवृंद आता दर गुरुवारी टेलिव्हिजनवर असतो. (घरातली पहिली पदवीधर म्हणून संवादांचे कागद सांभाळायला मलाही तिथेच घेतलं आहे.) बाबा गाणी वाजवतात, मधल्या नाटुकल्यात भाबडा क्यूबन नवरा होतात आणि शेवटी, कार्यक्रमाचा खर्च देणाऱ्या कंपनीची कॉफी पिऊन 'वाहवा' म्हणतात. सगळं थेट; घडतं तसं घरोघर दिसतं. गेल्या गुरुवारी त्यांनी घोट घेतला आणि चेहरा असा केला, जणू मागे कुणाचं ट्रंपेट बेसूर वाजलं. कंपनीच्या हॅडलीसाहेबांनी बजावलं, "पुन्हा असं तोंड केलंत, तर तुमच्या जागी दुसरा बँड." सगळ्या वादकांच्या चुली त्या एका घोटावर आल्या. मी बाबांना म्हटलं, जे आवडत नाही त्याची तारीफ करू नका, सरळ सांगून टाका. बाबा म्हणाले, "पोरी, तुझी पदवी भिंतीवर छान दिसते. तिथंच राहू दे."

काल पुन्हा गुरुवार. तुझी बहीण दोन थर्मास घेऊन पडद्यामागे बसली होती (तिची कॉफी घेतल्याशिवाय आपली माणसं वाद्याला हात लावत नाहीत). शेवटचं गाणं सुरू झालं, मी कंपनीची किटली उचलायला गेले, तर ती रिकामी! आई म्हणाली, "ते होय? कुणीतरी भांडी विसळलेलं पाणी ठेवलं होतं. मी ओतून टाकलं."

"आई, ती कॉफी होती!"

"ती? अगं, त्यातून तळ दिसत होता!"

गाणं संपत आलं. आईने उरलेला थर्मास किटलीत उपडा केला. आणि मी, खरेपणावर निबंध लिहून बक्षीस मिळवलेली तुझी भाची, ती किटली स्वतःच्या हाताने कॅमेऱ्यासमोर ठेवून आले.

बाबांनी कप भरला. रंग बघून थबकले. हॅडलीसाहेब खुर्चीतून अर्धे उठले. बाबांनी घोट घेतला, डोळे मिटले, आणि मला वाटलं, संपलं सगळं. मग डोळ्यांत पाणी आणून म्हणाले, "अरे देवा, ही तर आपल्या घरची!"

हॅडलीसाहेबांनी त्यांना मिठीच मारली. म्हणाले, असा अभिनय जन्मात पाहिला नाही. आता दर गुरुवारी हाच चेहरा हवा.

तुझी,
ओतिलिया

ता. क. दर महिन्याला भाजलेली कॉफी पाठव. पुडक्यावर 'प्रार्थनेची पुस्तकं' असं लिही. खरेपणाचं मी नंतर बघते.

आणखी एक. हे पत्र आईला वाचून दाखवलं. विसळलेल्या पाण्यापाशी आले, तशी ती हसायला लागली. म्हणाली, "एरवी एक थर्मास पुरतो. काल दोन कशाला आणले होते, ते तुझ्या कॉलेजात शिकवलं नाही वाटतं?"