काठाच्या ओळी आणि गोवराची सुई

४ नोव्हेंबर, मंगळवार

नातीला दुसरा दात! खालचाच, पहिल्याच्या शेजारी. माझं बोट तोंडात घेतलं अन् अशी चावली की मी ओरडलेच. अमर गोठ्यातून धावत आला — "काय झालं, आई?" म्हटलं, तुझ्या पोरीला दात आला. हसला. किती तरी दिवसांनी असा हसला माझा लेक! त्याचं हसणं बापासारखं. आधी डोळे हसतात, तोंड मागून.

मी आत गेले. पीठ मळायचं होतं.

५ नोव्हेंबर

आशाताई आली होती, अर्पिता. अपेक्षाला नऊ महिने झाले, आता गोवराची सुई. वीस तारखेला अंगणवाडीत नर्सबाई येणार. सून, वर्षा, "हो" म्हणाली. अमर म्हणाला, "नाई."

एवढंच. नाई.

अर्पिता चहा अर्धा ठेवून गेली. मागच्या सुईनंतर पोरीला ताप आला होता, मांडीला गाठ आली होती. मांडीवरची गेली, पण अमरच्या मनातली गेली नाही. तेव्हापासून तो मोबाईलवर कोणकोणते व्हिडिओ पाहतो. एक दाढीवाला बाबा त्यात सांगतो, सुई म्हणजे जहर. तो बाबा कुठला, कोणाचा, काही पत्ता नाही!

६ नोव्हेंबर

जेवताना विषय काढला. काढायला नको होता. भाकर हातातच राहिली त्याच्या.

"आई, बीटीची सरकी आली तवा बी असंच सांगे ना? बियातच औषध भरलं, आता फवारा कायले. बोंडाले अळी लागतच नाई! अन् मंग? गुलाबी अळी आली का नाई? सगळं बोंड पोकळ! अन् आता म्हणते, पोट्टीच्या अंगात औषध भरा."

मला उत्तर सुचलं नाही. खरंच तर आहे. वावर मी डोळ्यांनी पाहिलं होतं ते. बोंड फोडावं तर आत अळी आरामात बसलेली, भाड्यानं राहिल्यासारखी.

वर्षा ताक वाढत राहिली.

९ नोव्हेंबर, रविवार

लालीबाई आली! वर्षाची आई, माझी इनबाई. बंजाऱ्यांच्या तांड्यावरून पायी आली. दारातूनच ओरडली, "इनबाई, जिवंत हाय का?" म्हटलं, तुमच्या पोरीच्या हातचं खाऊन अजून तरी आहे. "माह्या पोरीनं तुले मोटी केली, अन् तू तिले वाळवली!" अशी आमची भेट. अमरचं अन् वर्षाचं लग्न जमलं तेव्हा आम्ही दोघी एकमेकींकडे पाहत नव्हतो. आता ती आली नाही तर आठवडा सुना जातो.

बातमी तिनंच आणली. ओढ्यापलीकडच्या गावात गोवर निघाला. तिथं घरोघर कडुलिंबाचे डहाळे लावले आहेत, फोडणी बंद, माता आली म्हणतात. एक पोरगा डिग्रसच्या दवाखान्यात नेला. आपले सरपंच धर्मपालभाऊ आता खास ग्रामसभा घेणार. लस सक्तीची करा, न देणाऱ्या आईबापाला दंड करा, असा कायदा सरकारनं करावा — ही मागणी गावानं पाठवायची.

मी म्हटलं, बरं होईल! कायदा झाला की अमरशी मला भांडावं लागणार नाही.

मला वाटलं लालीबाई मान डोलावेल. ती तर चिडली! तांड्यातली पोरं स्वतः हाकलून सुईला नेते ही बाई, अन् कायदा नको म्हणते.

"तुले नाई माईत. मी लहानी होती तवा जीप आली होती. माणसं धरून नेत होते, नसबंदीले. आमचा सारा तांडा ज्वारीत लपला. याडीनं, माह्या मायनं, माह्या तोंडावर हात ठेवला, आवाज नको म्हणून. मंग कित्येक वर्स दवाखान्याची गाडी दिसली का लोकं पळत. साध्या खोकल्याची गोळी बी घेत नव्हते. सक्ती करसान तं लोकं पोट्टे लपवतीन, इनबाई."

मी म्हटलं, ती जीप वेगळी अन् ही सुई वेगळी.

"जीपले का माईत वेगळी?"

जाताना माझं लोणचं घेऊन गेली. बरणीसकट.

१० नोव्हेंबर

दिवसभर कापूस वेचला. कंबर म्हणते, तू म्हातारी झाली. मी म्हणते, तू गप.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

विचार करते आहे. पोरगं माझं, खरं. पण त्याचा गोवर काही माझा एकटीचा नाही. तो अंगणवाडीत जातो, लग्नात जातो, एसटीत शेजारच्या मांडीवरच्या बाळाकडे जातो. मग गावानं विचारायला नको का? विहिरीत कोणी घाण टाकली तर गाव सोडेल का त्याला?

अन् लालीबाईही खोटं बोलत नाही. तोंडावरचा हात कोणी विसरत नाही.

पेपर मोठ्यानं वाचला ओट्यावर बसून. सवय. अमरचे बाबा होते तेव्हा मी वाचायची अन् ते ऐकायचे. मी अक्षर शिकले तेच मुळी त्यांना वाचून दाखवायला, पुड्यांच्या कागदावरून, एसटीच्या पाट्यांवरून. थांबले की म्हणायचे, "पुढं?" आता बकरी ऐकते. ती पुढं म्हणत नाही, पेपर खाते.

१४ नोव्हेंबर

सुचलं! उत्तर सुचलं! वेचणी करता करता, कापसाच्या तासाच्या, ओळीच्या, मधोमध.

बीटीच्या पिशवीत एक लहान पाकीट असायचं. साध्या सरकीचं. सोबतचा कागद मी तेव्हा पुरा वाचला होता, मी काहीही छापलेलं वाचते. त्यात लिहिलं होतं: ही साधी सरकी वावराच्या काठानं पेरा. तिथं अळीला खाऊ द्या, म्हणजे ती बीटीला सरावणार नाही.

अमर शेजारच्या तासात होता. म्हटलं, "ते लहान पाकीट कोण पेरत होतं रे?"

"कोणतं? ते होय. कोणीच नाई."

"तुझे बाबा?"

"बाबा तं बांधावर भिरकावत. शेजारचे उकंडाकाका ज्या जागी उगवलं नाई तिथं टोबत. सारेच तसे."

"काहून?"

"माह्या एका वावरानं का होते, म्हणत." अन् मग थांबला. हातातलं बोंड तसंच धरून उभा राहिला. मी वेचत राहिले. पण आतून अशी नाचत होते!

औषध खोटं नव्हतं. जो तो म्हणाला, माझ्या एकट्यानं काय होतं — अन् अळी साऱ्यांची झाली. काठाच्या ओळी पेरा हे कागदावर होतं, पण विचारायला कोणी आलं नाही. म्हणून मी म्हणते, कायदा पाहिजे.

थोड्या वेळानं अमर हसून म्हणाला, "आई, तू वकील व्हाले पायजे होती." मी म्हटलं, मग नेऊ ना पोरीला?

"नाई."

असं कसं!

१६ नोव्हेंबर, रविवार

आज बोलला.

जेवण झाल्यावर मी त्याच्या शर्टाचं बटण लावत होते. तो समोर बसून होता, पोरगी मांडीवर. आपणहून म्हणाला, "व्हिडिओचं सोड, आई. तो बाबा येडाच हाय, मले माईत हाय."

मग सांगितलं. यवतमाळच्या दवाखान्यात, त्याचे बाबा गेले त्या सकाळी, मी खाली चहा आणायला गेले होते. तेव्हा नर्सनं त्यांना सुई दिली. अमरनं बाबांचा हात धरला होता. सुई दिली, अन् हात सैल झाला.

दोन वर्षं झाली. माझ्या पोरानं हे एकट्यानं वागवलं.

मी म्हटलं, अरे, हृदय आधीच थकलं होतं त्यांचं. ती सुई त्यांना थांबवून धरायला होती. डॉक्टरांनी मला समजावून सांगितलं होतं सगळं.

"डोक्याले माईत हाय, आई. हाताले माईत नाई."

बटण तसंच राहिलं. आम्ही दोघं रडलो. त्यांच्यासाठी आम्ही सोबत कधी रडलोच नव्हतो. तो शेताकडे जायचा, मी चुलीकडे. अपेक्षा एकदा त्याच्या तोंडाकडे पाही, एकदा माझ्या. मग टाळ्या वाजवायला लागली! तिला वाटलं आम्ही तिच्यासाठी काही खेळ करतो आहोत. रडता रडता हसू आलं.

फार हलकं वाटतं आहे. लिहायला लाज वाटते, पण वाटतं आहे.

१९ नोव्हेंबर

वर्षा आज बोलली. गरीब गाय म्हणायचे मी तिला! चूल फुंकता फुंकता नवऱ्याला म्हणाली, "उद्या मी नेतो पोरीले. तुमी आले तं बरं, नाई आले तं बी बरं. तुमचं दुखणं मले समजते. पण गोवराले नाई समजत."

मी भिंतीकडे तोंड करून हसले.

२० नोव्हेंबर, गुरुवार

काय दिवस! काय दिवस!

अंगणवाडीत जत्रा भरल्यासारखं. लालीबाई तिच्या दिराची, पूनमसिंगची, नातवंडं घेऊन आधीच पुढे बसलेली. बाकीच्या आयांना सांगत होती, "भेऊ नका, मुंगी चावल्यावानी." तिचाच नातू हे ऐकून टेबलाखाली शिरला. त्याला ओढून काढायला तिघी लागल्या.

आमचा नंबर आला. वर्षा खुर्चीत बसणार, तेवढ्यात दारात अमर. केसांत कापूस, पायाला माती. पोरीला घेतलं अन् खुर्चीत बसला.

नर्सबाई म्हणाल्या, "हात धरा बाळाचा. घट्ट."

धरला. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

सुई टोचली. अपेक्षा किंचाळली, अशी किंचाळली की बाहेरचं कुत्रं भुंकलं! मग दुसऱ्या हातानं नर्सबाईंचं गळ्यातलं ओळखपत्र धरून असं ओढलं की बाई टेबलावर आल्या. सोडेचना! अमरनं तिचा हात धरलाच होता. म्हणाला, "आई, पाह्य कशी वढून राह्यली! पाह्य तं!" डोळ्यांतून धारा. नर्सबाई म्हणाल्या, "याले बी एक सुई द्याव लागते का?" सगळी अंगणवाडी हसली. अमर सगळ्यांत जास्त.

घरी गूळ-शेंगदाणे वाटले. लालीबाईनं पदरात बांधून नेले.

२१ नोव्हेंबर

थोडा ताप. अमर ओल्या फडक्यानं अंग पुसत बसला, वेचणीला गेला नाही. म्हणाला, "येते म्हणत होत्या नर्सबाई. उतरते." मलाच धीर देतो!

२२ नोव्हेंबर

उतरला. पोरगी बकरीचा पाला खाताना सापडली.

२६ नोव्हेंबर, बुधवार

ग्रामसभा झाली. सक्तीच्या कायद्याची मागणी पाठवायची का, हात वर करा, असं धर्मपालभाऊ म्हणाले. सगळ्यांत पहिला हात अमरचा! उभाच राहिला — काठाच्या ओळींचं सांगितलं, माझ्याहून चांगलं सांगितलं. मग भराभर हात वर गेले. मी माझा मांडीवरच ठेवला. कायदा आधीच असता तर माझा लेक दंडाच्या भ्यानं गपगुमान पोरीला टोचून घेऊन आला असता, अन् यवतमाळची ती सकाळ जन्मभर एकटा वागवत राहिला असता. अमरनं मागे वळून माझ्याकडे पाहिलं.

"आई?"